सी भाषेतील स्ट्रिंग कॉपीच्या वॉर्निंग: आधी निर्णय, मग फंक्शन

सी भाषेतला एखादा जुना प्रकल्प नव्या जीसीसीने (सी कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरने) बांधायला घेतला की स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कॉपी करणाऱ्या ओळींवर वॉर्निंगची रांग लागते, आणि ती घालवण्याची बहुतेकांची वाट ठरलेली असते. आधी मजकूर कॉपी करणाऱ्या स्ट्रकॉपी या फंक्शनच्या जागी स्ट्रएनकॉपी येते, जिला कमाल किती बाइट लिहायचे ही मर्यादा द्यावी लागते. कंपायलर वेगळी वॉर्निंग देतो, म्हणून मर्यादेतून एक वजा करून पाहिला जातो. तेवढ्याने भागले नाही तर सांगितले तेवढे बाइट जसेच्या तसे हलवणारी मेमकॉपी येते, आणि शेवटी ती वॉर्निंगच बंद करणारा पर्याय मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) जाऊन बसतो. पडदा स्वच्छ होतो, पण चूक जागची हलत नाही; उलट पहिल्यापेक्षा शोधायला अवघड होते.

या सगळ्या वॉर्निंगच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: आलेली स्ट्रिंग मावली नाही तर काय व्हावे असे तुम्हाला वाटते? याचे उत्तर कोणत्याही फंक्शनच्या नावात नाही, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने द्यायचे असते. म्हणून पुढील पायऱ्यांत फंक्शनची निवड पाचव्या क्रमांकावर आहे. फंक्शनची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

हाताशी ठेवायचे उदाहरण

ग्राहकाची माहिती ठेवणारे एक स्ट्रक्चर घेऊ. त्यात शहराच्या नावासाठी २४ बाइटचा ॲरे आहे आणि त्याला लागूनच पिनकोडसाठी ७ बाइटचा. कॉपी करणारी ओळ अशी:

स्ट्रएनकॉपी(ग्राहक.शहर, आलेले, साइझऑफ(ग्राहक.शहर));

यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, अनुस्वार आणि हलंतसुद्धा, ३ बाइट घेते. ‘पुणे’ १२ बाइटचे, ‘मुंबई’ १५ बाइटचे, ‘नागपूर’ १८ बाइटचे. ही तिन्ही नावे निवांत मावतात. ‘रत्नागिरी’ मात्र ९ चिन्हांचे, म्हणजे २७ बाइटचे आहे. पहिले २४ बाइट भरले की स्ट्रएनकॉपी थांबते, समाप्तीचा शून्य बाइट (सी भाषेत स्ट्रिंग इथे संपली हे सांगणारा) लिहायला जागा उरत नाही, आणि छापणारे फंक्शन पुढच्या पिनकोडमध्ये शिरते. कागदावर उमटते ‘रत्नागिर415612’. असाच मजकूर मी एकदा माझ्याच प्रोग्रॅमच्या पावतीवर पाहिला आहे. चाचणीसाठी मी पुणे आणि मुंबई एवढीच नावे वापरली होती, आणि ‘मर्यादा ॲरेच्या आकाराइतकीच आहे’ ही वॉर्निंग कितीतरी दिवस डोळ्यांसमोर होती.

पूर्वतयारी

पहिले काम म्हणजे सर्व वॉर्निंग एकदाच, पूर्ण आणि कागदोपत्री मिळवणे. मेक हे बांधणीचे साधन फक्त बदललेल्या फाइली पुन्हा कंपाइल करते, त्यामुळे दुसऱ्यांदा बांधणी केली की न बदललेल्या फाइलींच्या वॉर्निंग दिसत नाहीत आणि त्या सुटल्या असा भास होतो. म्हणून आधी मेक क्लीन करावे, नंतर संपूर्ण बांधणी करून सगळा मजकूर एका फाइलमध्ये साठवावा, आणि त्या फाइलला कंपायलरची आवृत्ती नावात द्यावी.

बांधणी करताना डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे जास्त वॉर्निंग चालू करणारे दोन्ही पर्याय असावेत, आणि ऑप्टिमायझेशनची पातळी २ असावी. ही शेवटची अट अनेकांच्या लक्षात येत नाही. कोणता बफर (मजकूर ठेवायची जागा) किती मोठा आणि कोणती स्ट्रिंग किती लांब हे कंपायलरला बऱ्याचदा एक फंक्शन दुसऱ्यात विरघळवल्यानंतरच कळते. त्यामुळे ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या डीबग बांधणीत जी ओळ निर्दोष दिसते, तीच प्रत्यक्ष वितरणाच्या बांधणीत वॉर्निंग देते.

आवृत्तीचाही असाच परिणाम होतो. फॉरमॅट-ट्रंकेशन आणि स्ट्रिंगऑप-ओव्हरफ्लो या वॉर्निंग जीसीसी ७ मध्ये, म्हणजे २०१७ साली आल्या. स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन ही जीसीसी ८ मध्ये, २०१८ साली. एकाच्या यंत्रावर वॉर्निंग दिसतात आणि दुसऱ्याच्या यंत्रावर दिसत नाहीत, या वादाचे मूळ बहुधा एवढ्यातच असते.

सावधान: साफसफाई सुरू असताना वॉर्निंगला एरर मानणारा पर्याय बंद ठेवा. नाहीतर बांधणी पहिल्याच फाइलपाशी अडेल आणि एकूण काम किती आहे हे कळणार नाही.

पायरी १: वॉर्निंगचा प्रकार ओळखा

प्रत्येक वॉर्निंगच्या शेवटी चौकटी कंसात तिचे नाव असते आणि खाली ‘नोट’ म्हणून एक-दोन ओळी असतात. बफर कुठे घोषित केला आणि त्याचा आकार किती हे त्या नोटमध्ये लिहिलेले असते. घाईत वरची ओळ वाचून खालची सोडून देण्याची सवय मोडावी. अर्धे उत्तर तिथेच मिळते.

स्ट्रिंगऑप-ओव्हरफ्लो म्हणजे बफरच्या बाहेर लिहिले जात आहे असे कंपायलरचे म्हणणे. बहुतेक वेळा ते खरे असते, म्हणून ही वॉर्निंग सर्वांत आधी हाताळावी. स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन म्हणजे बाहेर काही जात नाही, पण स्ट्रिंग कापली जाऊ शकते किंवा तिला शेवटचा शून्य बाइट मिळणार नाही. हिचीच तीन रूपे वारंवार दिसतात. मर्यादा लक्ष्य बफरच्या आकाराइतकी आहे, हे पहिले. मर्यादा स्रोताच्या लांबीवरून काढली आहे, हे दुसरे. कॉपी नेमकी शून्य बाइटच्या आधी थांबते, हे तिसरे. फॉरमॅट-ट्रंकेशन ही एसएनप्रिंटएफसाठी (दिलेल्या साच्याप्रमाणे बफरमध्ये मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनसाठी) आहे आणि तिचा हिशेब थोडा वेगळा असल्याने तिला पुढे स्वतंत्र पायरी दिली आहे. साइझऑफ-पॉइंटर-मेमॲक्सेस म्हणजे तुम्ही ॲरेचा आकार मोजतो आहे असे समजून पॉइंटरचा, म्हणजे जागेचा नुसता पत्ता ठेवणाऱ्या चलाचा, आकार मोजला आहे.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची सी-४९९६ ही वॉर्निंग या पंगतीत बसत नाही. ती तुमचे आकार पाहत नाही. स्ट्रकॉपी हे नाव दिसले की तिची हरकत सुरू होते. म्हणजे पूर्णपणे बरोबर असलेल्या ओळीवरही ती येते, आणि ती गेली म्हणून ओळ बरोबर झाली असेही होत नाही.

पडताळा: यादीतील प्रत्येक वॉर्निंगसमोर प्रकार, लक्ष्य बफरचे नाव आणि त्याचा आकार असे तीन रकाने भरले आहेत का? तिसरा रकाना भरता येत नसेल तर पायरी ३ आधी वाचावी लागेल.

पायरी २: लक्ष्य बफर स्ट्रिंग आहे की ठरीव रुंदीचा रकाना, हे ठरवा

या पायरीवर सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे थोडे थांबावे. स्ट्रएनकॉपी हे स्ट्रकॉपीचे सुरक्षित रूप आहे हा समज चुकीचा आहे. ते वेगळ्याच कामासाठीचे फंक्शन आहे: ठरीव रुंदीचा रकाना भरायचा, मजकूर आखूड असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरायची, आणि मजकूर रकान्याइतकाच किंवा त्याहून लांब असेल तर शून्य बाइट न लिहिताच थांबायचे.

असे रकाने आजही वापरात आहेत. टार फाइलच्या (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या फाइलच्या) शीर्षकात नावासाठी १०० बाइटचा रकाना असतो आणि नाव नेमके १०० बाइटचे असेल तर त्यात शून्य बाइट नसतो. लिनक्सच्या यूटीएमपी नोंदीत (कोण लॉगिन आहे याच्या नोंदीत) वापरकर्त्याच्या नावासाठी ३२ बाइट असतात, तिथेही तोच प्रकार. अशा ठिकाणी स्ट्रएनकॉपी योग्यच आहे आणि वॉर्निंग घालवण्यासाठी फंक्शन बदलणे ही चूक ठरेल. तिथे त्या ॲरेच्या घोषणेवर जीसीसीचे ‘नॉनस्ट्रिंग’ हे ॲट्रिब्यूट लावावे. त्यामुळे कंपायलरलाही कळते आणि पुढे कोड वाचणाऱ्यालाही कळते की ही स्ट्रिंग नाही. यानंतर त्या रकान्यावर कोणी स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी मोजणारे फंक्शन) चालवली तर कंपायलर उलट त्यावर बोट ठेवतो, आणि तो फायदा मोठा आहे.

आपल्या उदाहरणातले शहराचे नाव मात्र पुढे छापायचे आहे, तुलना करायचे आहे, म्हणजे ती स्ट्रिंग आहे. तिला शून्य बाइट हवाच. जीसीसी १५ पासून डब्ल्यू-एक्स्ट्रामध्ये आणखी एक वॉर्निंग आली आहे: ४ बाइटच्या ॲरेला चार अक्षरी मजकूर सुरुवातीलाच नेमून दिला, म्हणजे शून्यासाठी जागाच उरली नाही, तर ती येते. तिचे उत्तरही हेच: स्ट्रिंग असेल तर ॲरे एकाने वाढवा, रकाना असेल तर नॉनस्ट्रिंग लावा.

सावधान: स्ट्रएनकॉपी काढून दुसरे फंक्शन बसवण्याआधी, उरलेल्या जागेत भरल्या जाणाऱ्या शून्यांवर कोणी अवलंबून आहे का ते पाहा. ते स्ट्रक्चर जसेच्या तसे फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर लिहिले जात असेल, तर नव्या फंक्शननंतर उरलेल्या बाइटमध्ये मेमरीतला जुना मजकूर तसाच राहील आणि बाहेर जाईल. अशा वेळी कॉपीच्या आधी संपूर्ण स्ट्रक्चर मेमसेटने शून्य करावे.

पायरी ३: आकार कुठून येतो ते तपासा

साइझऑफ हे ॲरेवर लावले तर ॲरेचा आकार देते आणि पॉइंटरवर लावले तर पॉइंटरचा. ६४-बिट यंत्रावर तो ८ असतो. ॲरे एखाद्या फंक्शनला दिला की त्या फंक्शनच्या आत तो पॉइंटर होतो, मग पॅरामीटरच्या घोषणेत चौकटी कंसात २४ लिहिलेले का असेना. कॉपीची ओळ एका फंक्शनमधून उचलून दुसऱ्या मदतनीस फंक्शनमध्ये हलवताना ही चूक हमखास होते: ओळ तीच राहते, अर्थ बदलतो, आणि ‘रत्नागिरी’च काय, ‘पुणे’सुद्धा ८ बाइटांवर तुटते.

म्हणून बफर घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनला बफरचा आकारही वेगळ्या पॅरामीटरने द्यावा आणि तो हाक मारणाऱ्याच्या बाजूला, जिथे खरा ॲरे दिसतो आहे तिथे, साइझऑफने मोजावा. आकडा हाताने लिहू नये. आज २४ लिहिलेला आकडा उद्या ॲरे ६४ चा झाल्यावर २४ च राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे ॲरे १६ चा झाल्यावरही २४ राहतो.

मॅलॉकने (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतलेल्या जागेबाबत दुसरी नेहमीची चूक म्हणजे स्ट्रलेन इतकीच जागा मागणे. स्ट्रलेन शून्य बाइट मोजत नाही. जागा नेहमी एकाने जास्त हवी.

पडताळा: प्रत्येक कॉपीच्या ओळीतील मर्यादा लक्ष्य बफरवरून आली आहे ना? ‘स्ट्रएनकॉपी(लक्ष्य, स्रोत, स्ट्रलेन(स्रोत))’ असे कुठेही दिसले तर ती ओळ बिनमर्यादेच्या स्ट्रकॉपीइतकीच धोक्याची आहे, शिवाय तिने शून्य बाइटही घालवला आहे. कंपायलर तिथे मर्यादा स्रोतावर अवलंबून असल्याचे सांगतो ते याचसाठी.

पायरी ४: मावले नाही तर काय, ते लिहून काढा

उत्तरे तीनच आहेत: काम थांबवून चूक कळवायची, जाणूनबुजून कापायचे, किंवा जागा वाढवायची. प्रत्येक बफरसाठी यांपैकी एक निवडावे आणि घोषणेच्या शेजारी एका ओळीच्या टिप्पणीत लिहावे.

फाइलचा मार्ग कधीही कापू नये, कारण कापलेला मार्ग हा दुसऱ्याच फाइलचा मार्ग असू शकतो, आणि त्यावर पुसण्याची आज्ञा चालली तर काय होईल याची कल्पना करावी. तीच गोष्ट पासवर्ड, खाते क्रमांक, आज्ञावलीची ओळ आणि डेटाबेसच्या क्वेरीची. नोंदवहीत जाणारा संदेश किंवा पडद्यावरचे शीर्षक कापले तर चालते. माणसाचे किंवा गावाचे नाव कापावे की नाही हा वादाचा मुद्दा आहे. माझे मत असे की साठवताना कापू नये, दाखवताना कापावे.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी या पायरीवर आकड्यांकडे पुन्हा पाहावे. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून आखलेला ३२ बाइटचा बफर देवनागरीची जेमतेम १० चिन्हे सामावतो. ‘छत्रपती संभाजीनगर’ला शून्य बाइट धरून ५० बाइट लागतात. अशा ठिकाणी कापण्याची कला शिकण्यापेक्षा बफर १२८ चा करणे शहाणपणाचे.

पायरी ५: आता फंक्शन निवडा

चूक कळवायची असेल तर सर्वांत सरळ मार्ग असा: स्ट्रलेनने लांबी मोजावी, ती बफरच्या आकाराएवढी किंवा जास्त असेल तर चूक परत करावी, नाहीतर लांबी अधिक एक इतके बाइट मेमकॉपीने हलवावेत. इथे मेमकॉपी योग्य आहे, कारण लांबी आधीच तपासली आहे आणि अधिक एकमुळे शून्य बाइटही सोबत जातो. उदाहरणातली ओळ मग अशी होते:

लांबी = स्ट्रलेन(आलेले);
जर (लांबी >= साइझऑफ(ग्राहक.शहर)) तर चूक परत करा;
मेमकॉपी(ग्राहक.शहर, आलेले, लांबी + १);

जाणूनबुजून कापायचे असेल तर स्ट्रएलकॉपी सोयीची आहे. ती शून्य आकार दिला नसेल तर शून्य बाइट नेहमी लिहिते आणि स्रोताची पूर्ण लांबी परत करते, त्यामुळे परत आलेला आकडा बफरच्या आकाराएवढा किंवा मोठा असेल तर मजकूर कापला गेला हे कळते. लिनक्सवरील जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये ती २.३८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आहे, आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणाच्या २०२४ च्या आवृत्तीत तिचा समावेश झाला आहे. जुन्या प्रणालींवर काम चालवायचे असेल तर एसएनप्रिंटएफला ‘टक्का-एस’ हा स्ट्रिंगचा साचा देऊन तेच साधता येते. स्ट्रएलकॉपीची एक अट लक्षात ठेवावी: लांबी परत करायची म्हणून ती स्रोत शेवटपर्यंत वाचते, म्हणजे स्रोताला शून्य बाइट असलाच पाहिजे. टारच्या नावाचा रकाना स्रोत म्हणून दिला तर ती भलतीकडे वाचत जाईल.

स्ट्रएनकॉपी ठेवायचीच असेल तर मर्यादा आकार वजा एक अशी द्यावी आणि लगेचच्या ओळीत शेवटच्या बाइटवर शून्य लिहावा. ‘लगेचच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जीसीसी पुढच्या विधानात ते शून्य लिहिलेले पाहून वॉर्निंग देत नाही. मध्ये दुसरे काही आले तर वॉर्निंग परत येऊ शकते.

जागा वाढवायची असेल तर स्ट्रडप, जी लागेल तेवढी नवी जागा घेऊन स्ट्रिंगची प्रत करते. तिने दिलेली जागा फ्री कोण करणार हे त्याच वेळी ठरवावे. सी-११ चा काटेकोर पर्याय लावून बांधणी करत असाल तर स्ट्रडपची घोषणा दिसणार नाही, कारण ती मूळ प्रमाणात सी-२३ मध्ये आली; तिथे पॉझिक्सचा मॅक्रो जाहीर करावा लागतो. ही घोषणा नसल्याची वॉर्निंग दुर्लक्षिली तर ६४-बिट यंत्रावर परत आलेला पॉइंटर अर्धा कापला जातो. जीसीसी १४ पासून ती थेट एरर आहे, हे बरेच झाले.

लिनक्स कर्नलमध्ये काम करणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे: तिथे स्ट्रएसकॉपी वापरावी, मजकूर कापला गेला तर ती ऋण एरर क्रमांक देते. स्ट्रएलकॉपी कर्नलमधून २०२४ साली काढून टाकली गेली आहे.

सावधान: वॉर्निंग घालवण्याच्या पुढील चार युक्त्या टाळा. एक, ‘मेमकॉपी(लक्ष्य, स्रोत, साइझऑफ(लक्ष्य))’. स्रोत आखूड असेल तर ती त्याच्या पलीकडचे वाचते. दोन, ‘एसएनप्रिंटएफ(लक्ष्य, आकार, स्रोत)’, मधला ‘टक्का-एस’ गाळून. स्रोतात टक्क्याचे चिन्ह आले की खेळ संपला. तीन, एसएनप्रिंटएफमध्ये लक्ष्य आणि स्रोत दोन्हीकडे तोच बफर देणे. त्याचा परिणाम काय होईल हे भाषेच्या प्रमाणात ठरवलेले नाही. चार, मायक्रोसॉफ्टच्या सी-४९९६ साठी डोळे मिटून सर्वत्र स्ट्रकॉपी-एस बसवणे. स्ट्रिंग मावली नाही की ते फंक्शन अवैध पॅरामीटरच्या हाताळणीत जाते आणि मूळ मांडणीत प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. शिवाय जीलिबसीमध्ये ते फंक्शन नाहीच.

पायरी ६: जोडण्याच्या ओळी वेगळ्या तपासा

एका स्ट्रिंगच्या शेवटी दुसरी जोडणाऱ्या स्ट्रएनकॅटचा तिसरा आकडा लक्ष्य बफरचा आकार नसतो. किती अक्षरे जोडायची याची ती कमाल मर्यादा असते आणि शून्य बाइट त्यावर वेगळा लिहिला जातो. म्हणून तिथे साइझऑफ लक्ष्य हे उत्तर नेहमी चूक असते. बरोबर हिशेब म्हणजे आकार वजा आत्ताची लांबी वजा एक.

अनेक तुकडे एकामागून एक एसएनप्रिंटएफने जोडणारी पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. एसएनप्रिंटएफ प्रत्यक्षात किती लिहिले ते सांगत नाही. जागा असती तर किती लिहिले असते ते सांगते. तो आकडा सरसकट पुढच्या जागेच्या मोजणीत मिळवत गेलात आणि एक तुकडा कापला गेला, तर मोजणी बफरच्या आकारापलीकडे जाते. पुढच्या वेळी ‘आकार वजा मोजणी’ हे चिन्हविरहित गणित ऋण होण्याऐवजी प्रचंड मोठा आकडा देते आणि मर्यादा उरतच नाही. प्रत्येक तुकड्यानंतर परत आलेला आकडा ऋण आहे का आणि उरलेल्या जागेएवढा किंवा जास्त आहे का, हे तपासून तिथेच थांबावे.

पायरी ७: फॉरमॅट-ट्रंकेशनचा हिशेब मांडा

तारीख लिहायला ११ बाइटचा बफर पुरतो असे कोणालाही वाटेल: वर्षाचे ४, महिन्याचे २, दिवसाचे २, दोन आडव्या रेघा आणि शून्य बाइट. तरी कंपायलर कुरकुरतो. कारण महिना ‘इंट’ आहे आणि ‘टक्का-शून्य-दोन-डी’ मधला दोन हा किमान रुंदीचा आकडा आहे, कमाल रुंदीचा नव्हे. ३२-बिट इंटची सर्वांत लांब किंमत उणे चिन्ह धरून ११ अक्षरांची असते. तीन इंटचे ३३, रेघांचे २ आणि शून्याचा १ असे ३६ बाइट कंपायलरच्या हिशेबात येतात.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बफर ३६ किंवा ४० चा करणे. स्टॅकवरचे २५ बाइट वाचवण्यासाठी कोणी डोके खपवू नये. बफर स्ट्रक्चरमध्ये असल्याने वाढवता येत नसेल, तर छापण्याआधी वर्ष ० ते ९९९९, महिना १ ते १२ आणि दिवस १ ते ३१ यांत आहे का हे तपासून नसेल तर परत फिरावे. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर कंपायलर बहुधा ती मर्यादा ओळखतो. तिसरा उपाय परत आलेला आकडा तपासण्याचा. पहिल्या पातळीवर ही वॉर्निंग परतीचा आकडा न वापरणाऱ्या हाकांपुरतीच असते, त्यामुळे खरी तपासणी लिहिली की ती आपोआप जाते. आकडा एखाद्या न वापरलेल्या चलात टाकून वॉर्निंग गप्प करणे ही तपासणी नव्हे.

पायरी ८: कापायचेच असेल तर चिन्हाच्या सीमेवर कापा

पायरी ४ मध्ये ‘कापले तरी चालेल’ असे उत्तर दिले असेल आणि मजकूर मराठी असण्याची शक्यता असेल, तरच ही पायरी लागू होते. आपल्या २४ बाइटच्या बफरमध्ये शून्य बाइट सांभाळून कापले तर मजकुराला २३ बाइट मिळतात. ‘रत्नागिरी’ची पहिली ७ चिन्हे २१ बाइट घेतात, आणि उरलेल्या २ बाइटांत पुढच्या ‘र’चे तीनपैकी दोन बाइट शिरतात. स्ट्रिंग सी भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे, वॉर्निंग नाही, पण यूटीएफ-८ म्हणून ती मोडलेली आहे: पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते आणि काटेकोर डेटाबेस ती नोंद नाकारतो.

उपाय छोटा आहे. स्रोतात जिथे कापायचे त्या स्थानावरचा बाइट पाहावा. त्याची किंमत १२८ ते १९१ या दरम्यान असेल तर तो एखाद्या चिन्हाचा मधला बाइट आहे. एक पाऊल मागे यावे आणि पुन्हा पाहावे. २३ व्या स्थानावरून २२ वर, तिथून २१ वर आल्यावर २२४ ही किंमत मिळते. तो ‘र’चा पहिला बाइट. तिथे कापले की ‘रत्नागि’ शिल्लक राहते. तुलना करताना कॅरॅक्टर आधी ‘अनसाइन्ड’ करून घ्यावा, कारण अनेक यंत्रांवर साधा कॅरॅक्टर चिन्हासहित असतो आणि १२८ च्या वरच्या किमती ऋण दिसतात. मात्रा अक्षरापासून तुटण्याचा प्रश्न यानेही सुटत नाही. त्यासाठी आयसीयूसारखी युनिकोड मजकूर हाताळणारी लायब्ररी लागते, आणि नोंदवहीतल्या एका ओळीसाठी ती ओढून आणणे मला तरी जास्तीचे वाटते.

पायरी ९: उरलेली वॉर्निंग बंद करायची वेळ आली तर

कंपायलर कधीकधी चुकतो, हे खरे आहे. पण तो चुकला असे म्हणण्याआधी लांबीची मर्यादा कुठल्या ओळीत हमखास पाळली जाते ती ओळ दाखवता आली पाहिजे. ती दाखवता येत असेल तर प्राग्मा (कोडमधून कंपायलरला दिलेली सूचना) पुश आणि पॉप यांच्यामध्ये ती एकच ओळ ठेवून वॉर्निंग तेवढ्यापुरती बंद करावी आणि कारण टिप्पणीत लिहावे. मेकफाइलमधून संपूर्ण प्रकल्पासाठी वॉर्निंग बंद करू नये, कारण ती पुढच्या वर्षी लिहिल्या जाणाऱ्या चुकांसाठीही बंद होते.

पायरी १०: सीमेवरच्या लांबींनी चाचणी घ्या

२४ च्या बफरसाठी ०, २२, २३, २४, २५ आणि ३०० बाइटच्या स्ट्रिंग द्याव्यात; चुका २३ आणि २४ यांच्यामध्येच लपतात. चाचणीपूर्वी बफर शून्याखेरीज दुसऱ्या एखाद्या किमतीने, उदाहरणार्थ १६५ ने, भरून ठेवावा. ताजी मेमरी पुष्कळदा शून्यच असते आणि न लिहिलेला शून्य बाइट आयता मिळून चूक झाकली जाते.

यानंतर दोन वेगवेगळ्या बांधण्या कराव्यात. एक ॲड्रेस सॅनिटायझर लावून. तो बफरबाहेरचे वाचन आणि लेखन पकडतो, पण एकाच स्ट्रक्चरमधल्या शहरातून पिनमध्ये झालेली घुसखोरी त्याला दिसत नाही, कारण ती मेमरी त्याच वस्तूची असते. दुसरी फोर्टिफाय-सोर्स पातळी २ लावून, ऑप्टिमायझेशन चालू ठेवून. स्ट्रकॉपीसारखी फंक्शन स्ट्रक्चरच्या एका सदस्यातून दुसऱ्यात लिहायला गेली तर ही बांधणी प्रोग्रॅम थांबवते. दोन्ही एकाच बांधणीत मिसळू नयेत. शक्य असल्यास क्लँग या दुसऱ्या कंपायलरनेही एकदा बांधावे. स्ट्रएनकॅटच्या चुकीच्या मर्यादेवर त्याची वेगळी वॉर्निंग आहे.

पडताळा: पूर्वतयारीत साठवलेली यादी पुन्हा उघडा. प्रत्येक वॉर्निंगसमोर ‘चूक कळवली’, ‘कापले’, ‘जागा वाढवली’, ‘रकाना’ किंवा ‘कारणासह बंद’ यांपैकी एक शब्द लिहिता आला पाहिजे. रिकामी राहिलेली ओळ पायरी २ पासून पुन्हा घ्यावी.

यादी पूर्ण झाल्यावर फक्त स्ट्रिंगऑप-ओव्हरफ्लो आणि स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन या दोन वॉर्निंग एरर म्हणून जाहीर कराव्यात. बदल कमिट करताना एका बफरचा बदल एका कमिटमध्ये ठेवावा आणि पायरी ४ मधला निर्णय संदेशात लिहावा, म्हणजे सहा महिन्यांनी कोणी ‘इथे नाव का कापले?’ असे विचारले तर उत्तर गिटच्या इतिहासात सापडेल.